पाठीवरचा हात

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. कोणालाच वाटत नाही. शिरवणच्या पडक्या वेशीपाशी जो पार आहे, त्यावर बसून मी ही गोष्ट इतक्यांना सांगितली आहे की पारावरचे कावळेसुद्धा पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतील. पण ती खरी मानून उठलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणून मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, की बाबांनो, विश्वास ठेवू नका, नुसती ऐका.

त्या दुपारी ऐकायला धोंडजी हवालदार होता. कंपनी सरकारच्या तोफखान्यातला माणूस. छावणीकडे निघाला होता, वाटेत गाडीचा आस मोडला, आणि लोहार जेवायला गेलेला, म्हणून पारावर सावलीला टेकला. गावातले दोघं-तिघं नेहमीचे होतेच. आणि पाराच्या खालच्या पायरीवर, रोजच्या जागी, चिमावहिनी. ती लोकांची तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून घासून देते. म्हातारी झाली आहे, पण कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, आणि ते कधी तसूभरही पुसट झालेलं मी पाहिलं नाही.

हवालदार कंपनीच्या नव्या तोफांचं कौतुक सांगत होता. घोडे कसे जुंपतात, गोळा कुठवर जातो, बार किती झपाट्यानं निघतो. सांगून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "तुमच्या संस्थानात काय होतं म्हातारबा? फटाके?"

मी म्हटलं, "बसा. आस काय, लोहार जेवून झोपल्याशिवाय बसवायचा नाही."

आमच्याकडे थोरली होती. थोरली म्हणजे शिरवणची तोफ, आणि मी तिच्या गोलंदाजांचा जमादार. तिला ओढायला इतके बैल लागत, की पुढची जोडी मुक्कामाला पोचून रवंथ करीत असे तेव्हा मागची जोडी अजून कालच्या गावातली वैरण खात असे. तिच्या तोंडात बसून न्हावी हजामती करायचा, आणि गिऱ्हाईक समोर पाय पसरून बसायचं. एकदा तिच्या नळीत मांजर व्यायली. आम्हाला पत्ता नाही. बार काढला, तर पिल्लं अंजनगडकरांच्या छावणीत जाऊन पडली, सगळी जिवंत, सगळी पायांवर. त्या वर्षी अंजनगडच्या कोठारात उंदीर औषधाला मिळाला नाही.

हवालदार हसला. हसू द्यावं. नदीच्या उतारावर मीही हसत होतो.

अंजनगड हे शेजारचं संस्थान. मधे नदी, आणि नदीला पायी पार व्हायला एकच उतार. उतार ज्याचा, त्याची खालची सगळी भातखाचरं. दसरा झाला की दरसाल आम्ही थोरलीला ओढत उतारावर नेऊन उभी करायचो. ती एकदा गरजायची, पलीकडचे मागे सरायचे, आणि वर्षाचा निकाल लागायचा. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच चाललं होतं. मग एका वर्षी अंजनगडकरांनी एक फिरंगी नोकरीला ठेवला. पलीकडच्या काठावर त्यानं ज्या तोफा आणल्या त्या इतक्या लहान, की माझ्याशेजारी दारू ठासायचा गज धरून उभा असलेला म्हादू म्हणाला, "जमादार, पोरांच्या खेळण्यातल्या आणल्या की यांनी." दोन-दोन घोड्यांच्या तोफा. आम्ही पोट धरून हसलो आणि थोरलीला बत्ती दिली.

थोरलीचा गोळा त्यांच्या डोक्यांवरून गेला. पलीकडं एक वड होता, तो मेला. आता थोरली निवायची, ओल्या बोळ्यानं पुसायची, मग दारू, मग गोळा. तेवढ्यात त्या खेळण्यातल्या तोफा घोड्यांमागं धावत आल्या, थांबल्या, बार काढून दुसरीकडं गेल्या, तिथून काढला, तिसरीकडं गेल्या. आम्हाला थोरलीचं तोंडही वळवता येईना. तिला वळवायला बैल लागत, आणि बैल आडवे पडले होते. म्हादू मला काहीतरी सांगत होता, त्याच्या धाकट्या मुलीबद्दल. वाक्य अर्धं झालं होतं. ते अर्धंच राहिलं. पुढं तो काय म्हणणार होता हे मी अजून शोधतो आहे.

निम्मा तोफखाना त्या उतारावर राहिला. थोरलीही राहिली. तिला ओढून आणायला ना बैल होते ना माणसं.

दरबारात मग सखोपंत कारभारी बोलले. म्हणाले, टोपीकरांकडे हलक्या तोफा, मोगलाईत हलक्या तोफा, आता अंजनगडासारख्या वीतभर संस्थानाकडेही. आपणच तेवढे डोंगर ओढत बसलो आहोत. पुढच्या दसऱ्याआधी शिरवणची हलकी तोफ झाली पाहिजे, नाहीतर उतार कायमचा गेला, आणि उताराच्या मागं शिरवण गेलं. मग त्यांनी गोव्याहून पेद्रू नावाचा ओतणारा आणवला. भर उन्हाळ्यात काळा कोट घालायचा. त्याला घाम म्हणून येत नसे; जे येत असे त्याला वास फेणीचा असे. पण आपल्या कामात माणूस सरळ होता. त्यानं लाकडाचा नमुना करून आणला आणि ओतशाळेत सिदोबापुढं ठेवला.

सिदोबा ओतारी हा शिरवणच्या ओतशाळेचा मालकच म्हणा. त्याच्या बापानं, आज्यानं आमच्या तोफा ओतलेल्या. देह असा, की भट्टीच्या दारातून आडवा होऊन आत जावं लागे. आणि आवाज असा, की भात्याची गरज नाही, तो नुसता बोलला तरी कोळसे फुलायचे. हा पायरीवर बसलेल्या चिमावहिनीचा नवरा आणि माझा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं तो नमुना हातात घेऊन उलटासुलटा केला.

"ही तोफ की पिकदाणी?"

पेद्रू म्हणाला, "मेस्त्री, उतारावर याच पिकदाणीनं तुमची माणसं मारली."

सिदोबानं नमुना जवळ ओढला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या नमुन्यावर असा बसला, की चिमावहिनी जेवायचं ताट भट्टीवर आणून द्यायची आणि परत नेताना त्यातलं निम्मं तसंच असायचं. तोफेचं नाव त्यानं धाकटी ठेवलं. म्हणायचा, थोरलीनं घर बुडवलं, आता धाकटी सावरील. पेद्रूचं आणि त्याचं जमलंही. एकाला मराठी अर्धी, दुसऱ्याला फिरंगी नावालाही नाही, पण दोघं साच्यावर वाकून बसले की बोलणं लागायचंच नाही.

मोडलं ते घंटेवरून.

आमच्याकडे तोफ ओतली की देवीच्या देवळातली एक घंटा तिच्या पोटात जायची. देवी येऊन तोफेत बसते असं आम्ही धरत होतो. जिच्यात घंटा नाही ती मुकी. मुक्या तोफेला शिरवणचा गोलंदाज शिवत नसे. ओतशाळेची दुसरीही एक रीत होती, ती पुढं कामाची आहे म्हणून आत्ताच सांगतो. नव्या तोफेला आधी गाड्यावर चढवायची नाही. लाकडांवर, मातीत पक्की बसवायची, आणि पहिला बार काढायचा तो दुप्पट दारूचा. आणि तो बार सुटेपर्यंत ज्यानं ओतली त्यानं तिच्या पाठीवर उजवा हात ठेवून उभं राहायचं. तळव्याला बायकोनं तेलातला शेंदूर लावून द्यायचा. बार निघाला की तोफेच्या पाठीवर लाल पंजा उमटलेला राहायचा, तीच ओतशाळेची मोहोर. थोरलीच्या पाठीवर सिदोबाच्या आज्याचा पंजा होता, दरसाल नव्यानं गिरवलेला.

हाताबद्दल पेद्रू काही बोलला नाही. घंटेबद्दल बोलला. घंटा वाजावी म्हणून तिच्यात कथील फार असतं, म्हणाला. थोरलीच्या पोटात एवढा धातू, त्यात एक घंटा मिठाच्या खड्यासारखी विरून गेली. धाकटीत धातूच थोडा. हिच्यात तीच घंटा घातली तर ही पांढरी पडेल, गोड वाजेल आणि मातीच्या घागरीसारखी फुटेल.

सिदोबानं आम्हा गोलंदाजांकडं पाहिलं. "काय रे हैबती? मुकी चालेल?"

मी माझ्या माणसांकडं पाहिलं. उतारावरून परत आलेली माणसं होती ती. एकाचा कान गेलेला, एकाला उजेडात पाहवत नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं, की घंटा होती तरी उतारावर हे झालं; आता बिनघंटेची घेऊन आम्ही परत तिथं उभं राहायचं का?

सिदोबालाही तेच ऐकायचं होतं. देवीचं फार होतं त्याचं. तो पेद्रूला म्हणाला, "तुमचं माप तुमच्या मुलखातलं. आमच्या देवीला माप लावू नका."

पेद्रूनं दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं. जाताना मला वेशीपर्यंत घेऊन आला. याच वेशीपर्यंत. म्हणाला, "फुटताना बघायला मी थांबत नाही. तू लांबून बत्ती दे." आणि गेला.

ओतायच्या दिवशी सगळं गाव ओतशाळेच्या अंगणात. घंटा भट्टीत सोडायचा मान ओताऱ्याच्या बायकोचा. चिमावहिनी तेव्हा नवी नवरीच म्हणायची. तिनं घंटा दोन्ही हातांत धरून शेवटचं एकदा वाजवली आणि सोडली. धातू साच्यात उतरला तेव्हा उजेड असा झाला की पलीकडच्या डोंगरावरचे कोंबडे दुपारी आरवले. हे मात्र हवालदार, अगदी खरं.

साचा फोडला. धाकटी बाहेर आली. अशी देखणी वस्तू मी पाहिली नाही. अंगावर एक छिद्र नाही, एक सुरकुती नाही. रंग मात्र तांबूस असायचा तो फिकट, चांदीकडं झुकलेला. लोक म्हणाले, देवी गोरी आहे. नळी कोरून झाली, बत्ती द्यायचं कानाचं भोक पाडून झालं, आणि सिदोबानं तिच्या पाठीवर बोटानं टिचकी मारली.

धाकटी वाजली. लांबवर, गोड, देवळातल्यासारखी. अंगणातल्या बायकांनी हात जोडले. कोणीतरी गुलाल उधळला. मी सिदोबाकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग धाकटीसारखा झाला होता.

माणसं पांगल्यावर आम्ही दोघं राखेच्या ढिगाशेजारी बसलो. तो म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं. गोड आहे."

"गोड आहे तेच वाईट. तोफ टिचकीला वाजता कामा नये. ओंडक्यासारखी थड् म्हणून गप्प बसली पाहिजे." त्यानं चिमूटभर राख उचलून बोटांत चोळली. "तो काळ्या कोटातला बरोबर होता."

"मग मोडू. पुन्हा ओतू."

"तांबं कुठाय? आणि दसऱ्याला दिवस कुठायत?"

आम्ही सखोपंतांकडं गेलो. ते घाईत होते. अंजनगडचा वकील त्याच सकाळी येऊन उतरला होता. उतार लिहून द्या, नाहीतर दसऱ्यानंतर येतो, असा त्याचा निरोप. पंतांनी त्याला सांगून टाकलं होतं, की उद्या आमच्या नव्या तोफेचा पहिला बार आहे, तेवढा पाहून जा. सिदोबानं त्यांना सगळं सांगितलं. काही राखलं नाही, पेद्रू काय म्हणाला तेही. पंत ऐकत होते आणि पानाला चुना लावत होते.

मग त्यांनी मला विचारलं, "जमादार, दारू कमी भरली तर फुटेल का?"

मी म्हटलं, रोजच्या बाराच्या निम्मीनं बहुतेक नाही फुटायची.

"मग निम्मी भरा. वर बोळा दाबून ठासा, आवाज मोठा येऊ द्या. वकिलाला गोळा कुठं पडला ते थोडंच मोजायचंय? आवाज घेऊन जाईल आणि आपल्या धन्याला सांगेल. त्यांच्याकडे तशा तोफा आहेत, आपल्याकडेही झाल्या, एवढं कळलं की पुरे. वर्षभर कोणी यायचं नाही."

सिदोबा म्हणाला, "आणि वर्षानं?"

"वर्षानं ती उतारावर जाईल."

"तिथं निम्मी भरून चालणार नाही, पंत. तिथं ती फुटेल. भोवती हैबतीची माणसं असतील."

पंतांनी पान तोंडात घातलं. "सिदोबा," ते म्हणाले, अगदी सावकाश, रागावून नव्हे, "गोलंदाज उतारावर मरतातच. तू हात ठेवून उभा राहा. निम्म्या दारूला तुला काही होत नाही."

बाहेर आल्यावर सिदोबा भरभर चालत सुटला. ओतशाळेच्या दाराशी पोचलो तेव्हा थांबला.

"दारू कोण भरतो?"

"मीच."

"पुरी भर. रीतीची, दुप्पट."

मी त्याला म्हटलं, वेडा झालास का. म्हटलं, लांबून बत्ती देऊ, हात ठेवूच नकोस. तो म्हणाला, ओतारी हात ठेवत नाही हे दिसलं की वकिलाला सगळं कळलं. मग ती टिकली तरी उतार गेलाच. मी म्हटलं, निम्मी भरतो, पुढचं पुढं बघू, वर्षभरात तांबं मिळेल, पुन्हा ओतू. तो म्हणाला, एकदा निम्मीवर टिकलेली तोफ पंत मोडू देतील का? पंतांना ओळखत नाहीस? 

"हैबती," तो म्हणाला, "ही माझ्या हातची आहे. तो सांगत होता आणि मी देवीचं नाव पुढं केलं. उद्या फुटली तर एक जातो. उतारावर फुटली तर तुझे सगळे जातात, आणि त्यांना माहीतही नसतं. तूच ठरव. भरणारा तू आहेस."

"आणि पुरी भरून नाही फुटली तर?"

तेव्हा मात्र तो पहिल्यांदा हसला. "मग पेद्रूला शोधून आणू आणि त्याच्याच कोटात घालून गावभर मिरवू."

दुसऱ्या दिवशी ऊन झालं तेव्हा नदीकाठच्या माळावर धाकटीला लाकडांवर बसवली. मागं मातीचा बांध घातला होता. वकील, पंत आणि मंडळी त्यामागं. गाव आणखी मागं. सिदोबा घरून आला तो उजवा हात पुढं धरून, तळवा लाल. शेंदूर कुठं पुसू नये म्हणून वाटेत कोणाला रामराम करायलाही हात जोडले नाहीत. पंतांचा माणूस दारू तोलून देत होता. त्यानं मला निम्मीची पिशवी दिली आणि डोळा घातला. बाकीची दारू भरलेली दुसरी पिशवी माझ्या कमरेला होती.

मी दोन्ही ओतल्या. सिदोबा पाहत होता.

"पुरी?"

"पुरी."

"दाब नीट. म्हादू दाबायचा तसा."

मी गज घेऊन ठासली. म्हादू दाबायचा तशी. गोळा सोडला. कानात रंजक, पेट घ्यायची बारीक दारू, घातली.  सिदोबानं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, अलगद, गाभण गाईच्या ठेवावा तसा. मला म्हणाला, "आता मागं सर. बत्तीची काठी लांब आहे, लांब म्हणूनच केली आहे." मी काठीभर मागं सरलो, बांधाच्या कडेशी. पंत मागून म्हणाले, होऊ द्या.

मी बत्ती दिली.

आता इथून पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही.

रंजक फुरफुरली, आणि ती फुरफुरत असताना, त्या एवढ्याशा वेळात, सिदोबानं हात उचलला. बोटभर. जास्त नाही. माणूसच तो, जीव कोणाला गोड नसतो. हात उचलला म्हणून तो तोफेला चिकटला नाही, आणि चिकटला नाही म्हणून वाचला. धाकटी फुटली. फुटली ती अशी, की तिचा एक तुकडा अजून खाली आलेला नाही. आषाढात ढगात जे वाजतं ना, तो तोच. आणि सिदोबा उडाला. पागोट्यासकट उडाला. नदीवरून गेला, वर गेला तेव्हा घारी वाट देऊन बाजूला झाल्या, आणि पलीकडं, अंजनगडच्या हद्दीत, पेंढ्याच्या गंजीत कमरेइतका रुतला. उठला, धोतर झाडलं, इकडं वळून पाहिलं. पाहिलं आणि त्याला लाज वाटली, की आपण हात उचलला. आता कोणत्या तोंडानं परत जायचं? म्हणून तसाच दक्षिणेला चालू लागला. कर्नाटकात गेला. तिथं एका देवळाजवळ घंटा ओततो. तोफेचं नाव काढत नाही. अधूनमधून तिकडचा एखादा बैलवाला येतो, तो सांगतो, की आहे म्हातारा, दात पडले आहेत, पण आवाज तसाच आहे.

पारावरची माणसं हसली. या ठिकाणी ती नेहमी हसतात, घारींना फार.

हवालदारानं विचारलं, "आणि उतार?"

उतार पंतांनी संध्याकाळच्या आत लिहून दिला. लढाई झाली नाही, तोफ पुन्हा ओतली नाही, आणि पुढं टोपीकर आले तेव्हा शिरवण आणि अंजनगड दोघांचंही एकाच कागदावर आटोपलं. माझे गोलंदाज मात्र वाचले. कोणी मळ्यात, कोणी खाटेवर, एक तर सुनेशी भांडताना, पण सगळे म्हातारे होऊन गेले.

हवालदार उठला. तिकडं लोहार येताना दिसत होता. पटका सारखा करत तो म्हणाला, "गोष्ट झकास आहे म्हातारबा. म्हणजे एवढ्या गप्पा मारून तुमचा ओतारी शेवटी भ्यालाच की. हात उचलून पळाला. आमच्या छावणीत सांगतो ही. तोफखान्यातली पोरं महिनाभर हसतील."

आजवर कोणी हे म्हटलं नव्हतं. लोक घारींना हसायचे, गंजीला हसायचे आणि उठायचे.

खालच्या पायरीवर भांडं घासल्याचा आवाज थांबला होता.

"भावजी," चिमावहिनी म्हणाली, "त्यांनी हात उचलला नव्हता."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही गावाबरोबर मागं होतात. तुम्हाला तिथून काय दिसणार?"

"दिसलं नाही. तुम्ही घरी आणून दिलात." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, ती हवालदाराकडं पाहत होती, आणि आवाज चढला नव्हता. "शेल्यात गुंडाळून आणलात. तेवढाच सापडला म्हणालात. मी दार लावून उघडला. मनगटापासून पुढं सगळा होता. बोटात माझ्या बापानं घातलेलं तांब्याचं वळं, आणि तळव्याला धाकटीची कपची रुतलेली, ही एवढी. उचललेल्या हातात रुतत नाही ती. मी ती काढली नाही. तशीच धुऊन नदीला दिली."

 लोहार आसापाशी जाऊन हाक मारत होता, तिकडं कोणी पाहिलं नाही.

"मी यांना म्हटलं, भावजी, मला कुंकू पुसवत नाही. हे म्हणाले, राहू द्या वहिनी, मी बघतो. आणि बाहेर जाऊन ओट्यावर जमलेल्यांना सांगितलं, की सिदोबा उडाला, नदीपार जिवंत पडला. तेव्हापासून बघतायत." तिनं तांब्या खाली ठेवला. "मला चाललं. हे गावात हसण्यावारी चाललं होतं तोवर चाललं."

मग तिनं तो चिंचेनं भरलेला हात उचलला आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसलं, घाम पुसावा तसं, एकदा, आणि राहिलं म्हणून परत एकदा.

"हवालदार, छावणीत सांगायची तर सांगा. पण उडाले ते काढून टाका. भावजी खोटं बोलतात. त्यांनी हात ठेवला होता, तो ठेवलेलाच होता."